पाठमोरी सभा

चंद्रपूरच्या बसस्टँडवर, बायकांच्या संडासात, कडी नसलेलं दार एका हातानं दाबून धरलेलं असताना दिव्याच्या लक्षात आलं की पाळी आली, आणि तिला आधी हसूच आलं. आजच? अजून आठवडा बाकी होता की! बाहेरून कोणीतरी दार बडवत होतं, 'आटपा वो बाई, गाडी लागली आमची,' आणि स्टँडच्या भोंग्यावर देशभक्तीची गाणी एकामागून एक सुटली होती, कारण सव्वीस जानेवारी होती. शहरात राहणाऱ्या बाईच्या पर्समध्ये जे असतं ते तिच्याही पर्समध्ये होतं, त्यामुळे तसं काहीच अडलं नाही. पण हात धुताना हसू कुठल्या कुठे गेलं ते गेलंच. ती गावाला निघाली होती, गावात आज दुपारी ग्रामसभा होती, ग्रामसभा गोटुलात, म्हणजे गावाच्या सामायिक मांडवात भरते, आणि पाळी आलेल्या बाईनं गोटुलाची पायरी चढायची नसते. हे तिला कोणी कधी शिकवलेलं नव्हतं. पाणी ओलं असतं हे तरी कोण कोणाला शिकवतं?

बाहेर आली तेव्हा जगात काडीचाही फरक पडलेला नव्हता. कागदी झेंडे विकणारी बाई तिच्या अंगाला घासून गेली, कंडक्टरनं 'गडचिरोली, गडचिरोली' ओरडत तिच्या हातातली पिशवी घेऊन आत ठेवली, शेजारच्या आजीनं आपलं नातवंड तिच्या मांडीवर दिलं आणि स्वतः खिडकीशी सरकली. कोणाला काही कळलं नाही आणि कळलं असतं तरी कोणाचं काय जात होतं! शहराची ही एक गोष्ट दिव्याला मनापासून आवडत आली होती. डोळ्यांच्या एका खाजगी दवाखान्यात ती काउंटरवर बसायची, दिवसभर पेशंटना आत-बाहेर करायची, आणि महिन्याचे ते दिवस कुठे आले कुठे गेले याची तिच्या खुर्चीलाही खबर नसे. नाही म्हणायला घरमालकीण मनकर्णाबाई. बाई मायाळू, मूळच्या वरोऱ्याच्या, ताटात वाढताना हात आखडता घेत नसत. पण मधूनच दिव्याच्या चेहऱ्याकडे रोखून बघत म्हणायच्या, 'लोणच्याच्या बरणीले हात नको लावजो हं तसं असलं तं. बाकी मी काई मानत नाई.' बाकी मी काही मानत नाही! दिव्या सरळ चेहऱ्यानं म्हणायची, 'नाई वो काकू, मले कुठी काय,' आणि बरणीतून मोठी फोड काढून घ्यायची. लोणचं आजवर नासलेलं नव्हतं. खोटं बोलणं तिच्या चांगलं अंगवळणी पडलं होतं आणि त्याबद्दल तिला कधी रात्री झोप आली नाही असंही झालं नव्हतं.

मग आजच काय अडलं? गाडी सुटली, वस्ती मागे पडली, मूल गावाच्या वाटेवरचं जंगल सुरू झालं, साग पानं गाळून उभे, आणि मांडीवरचं पोर तिच्या ओढणीचं टोक चघळत होतं. तिनं सगळं पहिल्यापासून मनाशी लावून पाहिलं. तिच्या गावाला एक कुर्मा होता. गावाच्या कडेला, शेवटच्या घराच्याही पलीकडे, पाळीच्या दिवसांत बायकांनी राहायची झोपडी. वाकून आत जायचं, वाकूनच बाहेर यायचं. कूड फुटलेला, दाराच्या जागी ताटी, वर गवत आणि गवतात जे काय राहत असेल ते. गेल्या पावसाळ्यात तिथं सुकरीला, म्हणजे दिव्याचा भाऊ लालसू याच्या बायकोला, मण्यार चावला. तिची हाक ऐकून लालसू धावत गेला आणि थोडा अलीकडे थांबला. पुरुषानं कुर्म्याजवळ जायचं नाही, आतल्या बाईला शिवायचं नाही. गावातल्या बायका येऊन तिला बाहेर काढीपर्यंत तो तिथंच उभा होता, हातात बॅटरी घेऊन, रडत. सुकरी वाचली, धानोऱ्याच्या दवाखान्यानं वाचवली. पण तो हातात बॅटरी धरून उभा असलेला भाऊ दिव्याच्या मनातून जाईना. त्याचा राग यायचा आणि दयाही यायची, आणि दोन्ही एकाच वेळी आली की काउंटरवर ती एकाच पेशंटला दोनदा हाक मारायची.

आता ग्रामसभेकडे बांबूचा पैसा आला होता. पुरुषांना गोटुलापुढे सिमेंटची मोठी कमान हवी होती, गावाचं नाव लिहिलेली. बायकांमध्ये कुर्म्याची कुजबूज होती. काल संध्याकाळी सुकरीचा फोन आला, टेकाडावर चढून केलेला, अर्धा आवाज वाऱ्यात गेलेला. 'मी कालपासून कुर्म्यात हाव. उद्याच्या सभेत कुर्म्याचं निघन. लालसू माझ्याही नावानं बोलून टाकन न तुझ्याही. तू ये. तुले तं नाई ना?' दिव्या म्हणाली होती, 'नाई वो वयनी, मले अजून टाइम हाये. येते मी. बोलते सगळं.' तिचं नाव अजून गावाच्याच मतदार यादीत होतं. मनकर्णाबाईंच्या मुलाचं कितीदा सांगून झालं होतं की चंद्रपूरला फिरवून घे, उगाच मत द्यायला एवढी धावपळ. पण तिनं फिरवलं नाही. मतदार आहे म्हणून ती ग्रामसभेची होती, आणि या गावात ठराव हात मोजून होत नसे. सगळ्यांचं 'हो' आलं पाहिजे. एक जरी 'नाही' म्हणाला तरी ठराव थांबायचा, मग पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. या एकमताचं कौतुक करायला पुण्या-दिल्लीकडचे लोक येऊन गेले होते, फोटो काढून गेले होते. कुर्म्यात असलेल्या बाईचं मत तिच्या घरचा माणूस सांगायचा. दिव्याच्या घरचा माणूसही लालसूच, कारण बाप गेला आणि तिनं लग्न केलं नाही.

मूलचा स्टँड आला, पोराची आजी उतरली, पोर गेलं आणि मांडी एकदम हलकी झाली. दिव्याला उगाचच आश्रमशाळा आठवली. पहिली पाळी तिला तिथंच आली होती. गृहपाल बाईंनी कापड दिलं, घडी कशी घालायची ते दाखवलं आणि म्हणाल्या, 'जा आता, प्रार्थनेची घंटा झाली.' बस्स, एवढंच. शाळेत कुर्मा नव्हता, त्यामुळे सकाळच्या रांगेत सगळ्यांपुढे उभं राहून दिव्यानं रोजच्यासारखीच संविधानाची उद्देशिका म्हटली. तिचा आवाज मोठा म्हणून ती पुढे, तिनं ओळ म्हणायची आणि पोरांनी मागून. शेवटी सगळं स्वतःप्रत अर्पण करायचं असे. ते पोरांना भारी विचित्र वाटायचं. देवाला नारळ देतात, पेनाला, आपल्या गोंडी देवाला, कोंबडा देतात, पण आपलंच आपल्याला कसं काय अर्पण करतात? बाजूची पोरगी तर अर्पण म्हणताना स्वतःच्याच छातीला हात लावून स्वतःलाच जोहार करायची आणि दोघींना हसू आवरायचं नाही. पुढे दवाखान्यातही दर नोव्हेंबरात डॉक्टर तेच सगळ्यांकडून वाचून घ्यायचे, मोबाइलवर शूटिंग करत. दिव्या पुढे, आणि डोळ्यांत औषध घालून बसलेले पेशंट बिचारे मिटल्या डोळ्यांनी भिंत धरून उभे. वाचून झालं की ती पुढच्या नंबरला हाक मारायची. पण देवाला दिलेलं देव सांभाळतो आणि आपल्यालाच दिलेलं आपणच सांभाळावं लागतं, ते हरवलं तर तक्रार कोणाकडे करायची, असा एक विचार तिला त्या काउंटरवर एकदा येऊन गेला होता. तो आत्ता गाडीत पुन्हा आला आणि तिला त्याचा रागच आला. नसत्या वेळी शहाणपण!

कोणाला कळणार होतं? काळी जीन्स, वर लांब कुर्ता, पर्समध्ये सगळी सोय. गोटुलाची पायरी चढायची, बायकांच्या बाजूला बसायचं, बोलायचं, पक्का कुर्मा मंजूर करून घ्यायचा, संध्याकाळच्या गाडीनं परत. सिमेंटच्या भिंती, वर पत्रा, लोखंडी दार, सौर दिवा, आत मोरी. सगळं तिनं मनात बांधून ठेवलं होतं, रंगसुद्धा ठरवला होता. एवढ्या चांगल्या कामासाठी एक खोटं. लोणच्याच्या बरणीसाठी बोलायचीच की! आणि कायदा तिच्याच बाजूनं होता. ज्यानं तिला आत येऊ नको म्हणावं त्याचंच चुकत होतं. हे सगळं खरं असूनही वैनगंगेचा पूल आला तेव्हा ती तेच पुन्हा पहिल्यापासून मनाशी लावत होती. पुलाखाली पाणी कमी झालेलं, वाळूवर टरबुजांच्या वाड्या. तिला आई आठवली. आईला दिवसा झोपलेली दिव्यानं फक्त कुर्म्यात पाहिली. घरी आई कधी आडवी होताना दिसायची नाही, आणि कुर्म्यात ती भर दुपारी कुशीवर वळून, तोंड उघडं टाकून घोरायची, आणि जाग आली की बाकीच्या बायकांबरोबर असं काही बोलून हसायची की दिव्याला कानावर हात ठेवावेसे वाटत. सुट्टीत दिव्या पहिल्यांदा कुर्म्यात गेली त्या रात्री आईनं तिचं डोकं मांडीवर घेऊन उवा काढल्या. थंडी होती, धूर होता, वरून काहीतरी पडलं म्हणून दिव्या किंचाळली तर आई म्हणाली, 'पाल हाये, तिले कुठी जागा हाये दुसरी?' आईला ही झोपडी आवडायची का? दिव्यानं कधी विचारलं नाही. आईनंही कधी खोटं बोलून घरात राहून पाहिलं नाही. आणि आपण खोटं बोलून सभेत बसलो, ठराव झाला आणि उद्या कोणाला कळलं, तर गाव म्हणेल सभा बाटली, ठराव बाटला. मग पुढच्या सभेत पायरीवर उभं राहून एकेका बाईला विचारतील. दिव्या आपली चंद्रपूरला आणि इथं सुकरी, म्हातारी रुखमाबाई, बाकीच्या सगळ्या. झालं! गडचिरोलीला गाडी बदलली, धानोऱ्याहून काळीपिवळी मिळाली, आणि तिचा निर्णय काही होईना. एकदा वाटे सांगावं, एकदा वाटे वेडी आहेस का.

शेवटी निर्णय तिनं घेतलाच नाही, तिच्या अंगानं घेतला. काळीपिवळीतून उतरून ती पायवाटेनं निघाली, धान कापून रिकाम्या झालेल्या बांध्यांत लाखोळी निळी फुललेली, आणि लांबूनच सोमी, लालसू-सुकरीची पोरगी, दोन्ही हात पसरून 'आत्या' करत धावत आली. दिव्या एकदम मागे सरली. दोन पावलं मागे, हात वर. पोरगी तशीच थबकली. चंद्रपूरच्या गाडीत परक्याचं पोर दीड तास मांडीवर घेऊन बसलेली बाई आपल्या भाचीला शिवायला कचरली, हे दिव्याला स्वतःलाच इतकं लागलं की डोळ्यांत पाणी आलं. सोमीच्या मागून काटक्यांचा भारा घेऊन रुखमाबाई येत होती, गावातली सगळ्यात म्हातारी. तिनं दिव्याकडे पाहिलं, दोघींमधल्या अंतराकडे पाहिलं. बोलणं सगळं गोंडीतच व्हायचं, मधूनमधून मराठी; पण इथं सांगायचं तर असंच सांगता येईल. 'काऊन वो,' रुखमाबाई म्हणाली, 'बाहेरची हायेस?' नाही म्हणायला अजूनही वेळ होता. 'हो,' दिव्या म्हणाली. 'गाडीत बसाच्या आधीच झालं.' म्हातारीनं भारा डोक्यावरून खांद्यावर घेतला. 'जाय मंग. सुकरी हाये तिथी.'

सुकरी कुर्म्याच्या दारात पाय पसरून उन्हात बसली होती. दिव्याला या वाटेनं येताना पाहून तिचं तोंड उघडंच राहिलं. 'तूबी?' आणि दोघी जी हसायला लागल्या ती थांबेनात. एवढ्या लांबून वकील बोलावला आणि वकीलच तुरुंगात! हसता हसता दिव्याला आत जाऊन बघायचं सुचलं. काहीच बदललं नव्हतं. कुडाची भोकं तीच, फक्त मोठी, जिथून मण्यार आला म्हणतात तिथं दगड लावलेला, चुलीची राख, आणि तो वास, धुराचा, ओल्या मातीचा, बायकांचा. आपण गाडीत मनातल्या मनात सिमेंट-पत्र्याचं जे बांधत आलो त्याच्याशी याची तुलना तरी करावी का! तिचं टाळकं सणकलं. तिकडून गोटुलाच्या बाजूनं माणसांचा गलका ऐकू येऊ लागला होता, शब्द कळत नव्हते. इथून कधीच कळत नसत. सभा व्हायच्या, आणि संध्याकाळी जेवण घेऊन येणारी सासू नाहीतर नणंद लांबून सांगायची काय ठरलं ते. 'मी जाते,' दिव्या म्हणाली. सुकरी घाबरली. 'अवो, आता कुठी जातेस?' 'आत नाई जात. रस्ता तं साऱ्यांचाच हाये.'

गोटुलासमोरच्या रस्त्यावर, चिंचेखाली जाऊन ती उभी राहिली. आत पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, मध्ये वारलूदादा, गावाचा पाटील, गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. सकाळच्या झेंड्याची दोरी खांबावर हलत होती. 'जोहार दादा,' ती मोठ्यानं म्हणाली. 'मी आत येत नाई. मी आज बाहेरची हाव.' आत पुरुषांत चुळबुळ झाली. हे सांगायचं असतं होय, भर सभेत! लालसू उठून पायरीवर आला, कानशिलं लाल. 'काय वो, गावासमोर सांगतात काय हे? जाय, तिकडं बस. मी सांगतो न तुझं.'

'काय सांगशील?'

'तू म्हणशील ते.'

'आन वयनीचं?'

'तिचंही.'

'तिले इचारलं तू?'

'इचारू कसा?' तो हळूच म्हणाला. 'मी जाऊ शकतो काय तिथी?' हे तो अगदी खरेपणानं म्हणाला. पोटात कळ येत होती. काउंटरवर उभं राहून परक्यांना हाका मारणं वेगळं आणि ज्यांनी आपल्याला कडेवर खेळवलं त्यांच्यापुढे उभं राहणं वेगळं. वारलूदादा आतून म्हणाला, 'पोरी, मंग तुमचे दिवस सरेस्तोर सभा थांबवाव काय आमी?' लोक हसले. त्यात वाईट काही नव्हतं, दादा सगळ्यांचीच फिरकी घ्यायचा. 'थांबवा,' दिव्या म्हणाली. 'नाईतं एकमत झालं म्हणू नका. आज आमी दोघी तिकडं हाव. मागच्या सभेले दुसऱ्या होत्या. दर सभेले कोणी ना कोणी तिकडं रायतेच. या गावात एकमत कधी झालंच नाई दादा. आजवर एकदाबी नाई.'

आता कोणी हसलं नाही. हे लागलं, हे तिला दिसलं. एखाद्याच्या घराला नाव ठेवावं तसं ते लागलं, कारण दुसरं काही नसलं तरी एकमत होतं या गावाकडे, आणि ते सगळ्यांचं होतं, वारलूदादाचं तर तरुणपणापासूनचं. तो नखानं जमीन उकरत राहिला. दिव्याला वाटलं, आपण जास्त बोललो, आता जा म्हणतील आणि आपल्याला जावं लागेल. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं रुखमाबाई गुडघ्यावर हात देत उठली, बसायचं पोतं झटकलं आणि काखेत मारलं. 'खरं बोलून रायली ते,' ती म्हणाली. 'माहे केस पांढरे झाले सभेत बसून. मी तिकडं असताना काय काय ठरलं, मले आजवर कोणी इचारलं नाई. मी जातो तिकडं बसाले.' आणि निघालीच. तिच्या मागून एक सून, मग दुसरी, मग सगळ्या. वारलूदादा वैतागून ओरडला, 'अवो, पण माणसानं तिकडं पाहाचं नसते!' रुखमाबाई वळलीसुद्धा नाही. 'तं नको पाहू ना बाप्पा. पाठ करून बस. आयकाले कान लागते.'

मग जे झालं ते दिव्यानं आधी कधी पाहिलं नव्हतं आणि कोणीच पाहिलं नव्हतं. बराच वेळ गोटुलात नुसतेच आवाज चढले-उतरले; कोणी म्हणालं पेन कोपेल, कोणी म्हणालं सभा जागा सोडून भरतच नाही. मग वारलूदादा खाली उतरला आणि चालू लागला, आणि तो चालला म्हणून बाकीचेही. शेवटच्या घराच्या पलीकडे, कुर्म्याच्या अलीकडच्या उतारावर सगळे पुरुष आले ते मान खाली घालून, आणि गावाकडे तोंड करून, कुर्म्याकडे पाठ करून बसले. ओळीनं पाठी. शर्ट घातलेल्या, बनियन घातलेल्या, खांद्यावर दुपट्टे टाकलेल्या. दिव्या आणि सुकरी दारात, बायका अधेमधे. 'बोल,' वारलूदादा समोरच्या झाडाला म्हणाला.

तोंड दिसत नसलेल्या माणसांशी बोलणं दिव्याला सोपं गेलं. ती कुडाबद्दल बोलली, ताटीबद्दल, पावसात अंथरूण कुठं कुठं सरकवावं लागतं त्याबद्दल, थंडीत बाळंतीण इथं कशी राहते त्याबद्दल. मण्यारचं बोलली तेव्हा बॅटरी घेऊन उभ्या असलेल्या माणसाचंही बोलली, नाव न घेता. लालसूची मान तिला मागून दिसत होती, लहानपणी तिनं ती कितीदा पकडली होती. ती खाली गेली आणि तशीच राहिली. मग तिनं सिमेंटच्या भिंती सांगितल्या, लोखंडी दार, दिवा, मोरी. कमान पुढच्या साली करा म्हणाली, कमान नाही म्हणून कोणाला साप चावत नाही. पाठीमधून कोणीतरी फुस्सकन हसलं आणि तिच्या लक्षात आलं की झालं, जमलं. वारलूदादा एकेक घर घेऊ लागला आणि एकेका पाठीतून 'हो' येऊ लागला, कोणाचा लगेच, कोणाचा ओढत ओढत. बायकांचा वेगळा विचारला, हे आजवर झालं नव्हतं. दिव्याला एवढा आनंद झाला की रडू येईल असं वाटून तिनं ओठ चावला. तिला वाटलं, शाळेतलं ते अर्पण म्हणजे हेच असणार. मग लालसूचं घर आलं. लालसूनं सवयीनं सगळ्यांचं एकदम सांगायला तोंड उघडलं, तसा दादा म्हणाला, 'तू तुझं सांग. बाकीचं तिकडून येऊ दे.'

'हो,' लालसू म्हणाला.

'सुकरी?'

दिव्यानं तिला गुडघ्यानं हलकेच ढोसलं. अशा सभेत तिला नाव घेऊन कोणी कधी विचारलं नव्हतं, लाजत असेल. पाठी वाट बघत होत्या. कोणाची तरी बिडी विझली होती, ती त्यानं कानावर ठेवली.

'नाई,' सुकरी म्हणाली.

दिव्याला वाटलं, प्रश्न कळला नाही तिला. 'वयनी, पक्का कुर्मा पायजे काय, असं इचारून रायले,' ती घाईनं म्हणाली. 'समजलं मले,' सुकरी म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या पाठीपर्यंत पोचत होता. 'हा मातीचा हाये. कधी ना कधी पडन. सिमिटाचा बांधला तं पडन कधी? माही सोमी त्यात बसन, सोमीची पोरगी बसन. दार लोखंडाचं. मले नाई पायजे.'

'मंग काय पायजे तुले?' हे वारलूदादानं विचारलं नाही, लालसूनं विचारलं. पाठमोऱ्यानंच, पण त्यानं विचारलं.

सुकरीनं पाय जवळ ओढून घेतले. 'मले माह्या घरी बसाचं हाये,' ती म्हणाली. 'पडवीत बसतो. बाजूले बसतो. चुलीले हात नाई लावत. पण माह्या घरी.'

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. रुखमाबाई तर डोळे बारीक करून सुकरीकडे असं बघत होती की तिला हे पटलं की भयंकर वाटलं ते कळू नये. दिव्याच्या अंगात संताप उसळला. एवढ्या लांबून आले, एवढी सभा उचलून इथं आणली, सगळ्या गावाचं 'हो' मिळवलं, आणि हिनं एका शब्दात सगळं मोडलं! निदान आधी सांगायचं होतं. आणि लगेच, संताप उतरायच्या आतच, तिला कळलं की सुकरीला काय पाहिजे हे तिनं विचारलंच नव्हतं. फोनवर नाही, मघाशी दारात हसताना नाही, आत्ता शेजारी उभं असतानाही नाही. 'बोलते सगळं' म्हणाली होती ती. लालसूला निदान विचारायला येण्याची बंदी होती.

काही पुरुष सभा संपली असं धरून अर्धवट उठले होते, धूळ झटकत होते. वारलूदादानं मागे न बघता हात वर केला.

'बसा,' तो म्हणाला. 'एकमत नाई झालं.'

पुरुष पुन्हा खाली बसले. बायकांनी पोती नीट केली. दिव्या उभीच होती, बोलायला उठलेली तेव्हापासून. तीही सुकरीच्या शेजारी जमिनीवर टेकली. तिचं स्वतःचं 'हो' की 'नाही' अजून कोणी विचारलं नव्हतं. आता विचारतील म्हणून ती वाट बघत होती, आणि काय सांगायचं ते तिला ठाऊक नव्हतं.